मिरजेतल्या एका खोलीच्या स्टुडिओसाठी प्रोसेसरची निवड : एक प्रकरण अभ्यास

मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या दुकानांपासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटले की काचेपलीकडे गायक आणि काचेअलीकडे रेकॉर्डिस्ट असे चित्र डोळ्यांसमोर येते. येथे तशी विभागणी नाही. खोली एकच आहे. एका भिंतीला टेबल, टेबलाखाली संगणक आणि त्याच्यापासून सात-आठ फुटांवर माइकसमोर बसलेला गायक किंवा वादक, अशी मांडणी आहे. स्टुडिओचे मालक स्वतः अरेंजर आणि प्रोग्रॅमर आहेत. भक्तिगीते आणि भावगीते यांचे ट्रॅक बनवून त्यांवर गायकांचे डबिंग करणे हे त्यांचे मुख्य काम. त्याखेरीज नाटकांचे आणि लघुपटांचे पार्श्वसंगीत ते करतात, आणि अलीकडे तंबोऱ्याच्या व सतारीच्या स्वरांचा सॅम्पलसंच (कीबोर्डवरून वाजवता येणाऱ्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संग्रह) तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या शेवटच्या कामाबद्दल विचारणा वाढली, असे ते सांगतात.

त्यांचा जुना संगणक कोअर आय७-७७०० या प्रोसेसरचा होता. त्यात ४ कोअर (गणित करणारे स्वतंत्र भाग), ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) आणि जास्तीत जास्त ४.२ गिगाहर्ट्झ वेग. जोडीला ३२ जीबी मेमरी, साटा एसएसडी (जुन्या, धीम्या जोडणीची डिस्क), विंडोज १० आणि क्यूबेस हे संगीत रेकॉर्ड व मिक्स करण्याचे सॉफ्टवेअर. २०१७ साली आलेला हा प्रोसेसर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झालेले होते. त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला नवा संगणक घ्यायचे ठरले. एका दुकानदाराने दिलेल्या कोटेशनात कोअर आय९-१४९००के, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि दिव्यांची आरास असलेला लिक्विड कूलर होता. मालकांच्या एका शिष्याने मॅक मिनी सुचवला. या दोन सल्ल्यांमध्ये अडकल्यावर हे प्रकरण माझ्याकडे आले.

तक्रार एक नव्हती

“संगणक कमी पडतो” हे मालकांचे वाक्य होते. कोणता प्रोसेसर घ्यावा, या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी ‘कमी पडतो’ म्हणजे नेमके कधी आणि कसे, हे त्यांच्याच प्रकल्पांवर पाहून घेणे आवश्यक वाटले. त्यासाठी त्यांचा सर्वांत जड प्रकल्प संदर्भासाठी निवडला. सत्तरएक ट्रॅकचे ते एका नाटकाचे पार्श्वसंगीत होते. त्यात तंतुवाद्यवृंदाच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी होत्या, दीवा नावाचा यू-ही कंपनीचा जड सिंथेसायझर होता आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या टप्प्यावर, चार-पाच प्लगइनची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरची) साखळी होती. तो उघडून बसल्यावर एका तक्रारीच्या पोटातून चार वेगवेगळ्या तक्रारी निघाल्या.

पहिली तक्रार अशी की कीबोर्डवर सिंथेसायझर वाजवताना बफर (आवाजाचे गणित ज्या तुकड्यांत होते त्यांचा आकार) १२८ वर ठेवला की आवाज चरचरतो. दुसरी अशी की मिक्सिंग बरेच पुढे गेल्यावर त्याच प्रकल्पात एखादा नवा स्वरसमूह वाजवायला घेतला, तर बफर कितीही लहान केला तरी पट्टी दाबल्यानंतर आवाज उशिरा येतो. तिसरी, वृंदाचा प्रकल्प उघडायला फार वेळ लागतो आणि उघडल्यावर पहिल्या वेळी वाजवताना अडखळतो. चौथी सर्वांत चिडचिड करणारी होती : प्रकल्पात काहीही नसताना, केवळ दोन-चार ट्रॅक असतानाही मधूनच एखादा ‘टक्’ असा आवाज येतो आणि गायकाचा चांगला टेक वाया जातो.

या चारांपैकी प्रोसेसरच्या वेगाशी थेट संबंध असलेली तक्रार पहिलीच. दुसरीचा प्रोसेसरशी काहीही संबंध नाही. तिसरीत प्रोसेसरचा वाटा आहे, पण मेमरीचा आणि डिस्कचा त्याहून मोठा आहे. चौथीचे मूळ बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखादे उपकरण विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. दुकानदाराचे कोटेशन या चारही तक्रारींना एकच उत्तर देत होते, आणि ते उत्तर सर्वांत महाग होते.

२.६७ मिलिसेकंदांचा हिशोब

पहिली तक्रार समजून घ्यायची तर बफर म्हणजे काय हे आकड्यांत पाहावे लागते. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (येथे सॅम्पल म्हणजे आवाजाचे एक सूक्ष्म मोजमाप) या दराने काम चालले असेल आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर प्रत्येक तुकड्यासाठी प्रोसेसरला २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक, सगळे प्लगइन आणि मास्टरवरची साखळी यांचे गणित पूर्ण होऊन निकाल ऑडिओ इंटरफेसकडे (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीकडे) पोहोचला पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी त्या तुकड्याच्या जागी पोकळी येते आणि कानाला ती चरचर म्हणून ऐकू येते. चित्रपटाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना प्रोसेसर थोडा रेंगाळला तर फक्त वेळ जास्त लागतो. येथे रेंगाळणे म्हणजे काम बिघडणे. म्हणून संगीताच्या कामात सरासरी भाराला फारसा अर्थ नाही. सर्वांत वाईट क्षणी काय होते, यावर सगळे अवलंबून असते.

येथेच टास्क मॅनेजर दिशाभूल करतो. मालकांचे म्हणणे होते की चरचर होत असताना टास्क मॅनेजर निम्म्याहून कमी भार दाखवतो, मग प्रोसेसर कमी पडतो असे कसे म्हणायचे? त्यांच्या प्रोसेसरमध्ये ८ थ्रेड आहेत. त्यांतला एक पूर्ण भरला आणि बाकीचे सात रिकामे राहिले, तर एकूण भार १२.५ टक्केच दिसतो. क्यूबेसच्या स्वतःच्या मीटरमध्ये मात्र रिअल-टाइमची पट्टी लाल होत होती, आणि विश्वास तिच्यावरच ठेवायला हवा होता.

एकच थ्रेड का भरतो, याचे कारण संगीताच्या प्रकल्पाच्या रचनेतच आहे. एका ट्रॅकवर सिंथेसायझर, त्यानंतर इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब असे एकामागून एक लावलेले असतात. कॉम्प्रेसरला इक्वलायझरचा निकाल हवा असतो, इक्वलायझरला सिंथेसायझरचा. ही साखळी तोडून चार कोअरना वाटून देता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर चालू शकतात, पण ते सगळे शेवटी ग्रुपवर आणि मग मास्टरवर एकत्र येतात आणि तेथून पुढे पुन्हा एकच रांग लागते. आठ भाकऱ्या आठ तव्यांवर एकाच वेळी भाजता येतात, पण एकच भाकरी आठ जणींनी मिळून थापली म्हणून लवकर होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाबद्दल हीच मर्यादा मांडली होती : कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण वेगाला बांधून ठेवतो.

त्यात क्यूबेसची एक खास गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जे ट्रॅक नुसते वाजत आहेत त्यांचे गणित एएसआयओ-गार्ड ही यंत्रणा आगाऊ, मोठ्या तुकड्यांत करून ठेवते. म्हणून त्यांच्यावर १२८ च्या बफरचा ताण येत नाही. पण ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड किंवा मॉनिटरचे बटण चालू आहे, म्हणजे जो त्या क्षणी हाताने वाजवला जात आहे, तो या सवलतीतून बाहेर पडतो आणि त्याची पूर्ण साखळी खऱ्या वेळेत चालवावी लागते. इतर संगीत-सॉफ्टवेअरमध्येही नावे वेगळी असली तरी व्यवस्था साधारण अशीच असते. परिणाम असा की सत्तर ट्रॅकचा प्रकल्प सुरळीत वाजतो, आणि कीबोर्डवर एक ट्रॅक वाजवायला घेताच चरचरतो. मालकांना हे फार विचित्र वाटत होते. प्रत्यक्षात ते अपेक्षितच होते.

आता वेगाचा हिशोब. ४.२ गिगाहर्ट्झवर २.६७ मिलिसेकंदांत एका कोअरला सुमारे १ कोटी १२ लाख चक्रे मिळतात, ५.५ गिगाहर्ट्झवर सुमारे १ कोटी ४७ लाख. चक्रांची वाढ ३१ टक्क्यांचीच आहे, आणि एवढ्यासाठी नवा संगणक घ्यावा का असा प्रश्न कोणालाही पडेल. पण दोन पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये गिगाहर्ट्झची तुलना अपुरी पडते, कारण नव्या कोअरमध्ये प्रत्येक चक्रात होणारे कामही बरेच वाढलेले असते. उलट एकाच पिढीतल्या, एकाच आराखड्याच्या प्रोसेसरमध्ये ही तुलना बऱ्यापैकी खरी ठरते, आणि तिचा उपयोग पुढे झाला.

गायकाचा प्रश्न वेगळा आहे, हेही येथेच नोंदवायला हवे. गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून काही मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही मिसळून आवाज पोकळ भासतो, म्हणून कीबोर्ड वाजवणाऱ्यापेक्षा गायक विलंबाला अधिक हळवा असतो. पण त्यासाठी प्रोसेसरवर पैसे घालण्याची गरज नाही. इंटरफेसच्या आतल्या मिक्सरमधून गायकाला त्याचा आवाज थेट परत देता येतो आणि संगणक त्या वाटेत येतच नाही. या स्टुडिओत तशी सोय असलेला यूएसबी इंटरफेस होता; ती वापरली जात नव्हती, इतकेच. कीबोर्डवरच्या सिंथेसायझरला मात्र अशी पळवाट नाही, कारण त्याचा आवाज प्रोसेसरमध्येच जन्म घेतो.

पर्यायांची छाननी

दुकानदाराचा आय९-१४९००के प्रथम बाजूला केला, आणि त्याच्यासोबत त्याच पिढीतला, अधिक समंजस वाटणारा आय७-१४७००केही. संगीताच्या कामात या प्रोसेसरांचा वेग उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. अडचणी दोन होत्या. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली गेली. दुरुस्ती झाल्यावर नवा, न वापरलेला प्रोसेसर घेण्यात मोठा धोका आहे असे मी म्हणणार नाही, पण बोर्डाचे बायोस (त्याचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे की नाही हे दुकानातच तपासून घ्यावे लागेल, अशा वस्तूची या स्टुडिओला गरज नव्हती. दुसरी अडचण उष्णतेची. पूर्ण भाराखाली हे प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतात. एकाच खोलीत माइक आणि संगणक असताना हा आकडा कागदावरचा राहत नाही. तंबोऱ्याचे रेकॉर्डिंग करताना एसी बंद ठेवावा लागतो; एप्रिलमध्ये मिरजेत बंद खोलीचे तापमान काय होते हे वेगळे सांगायला नको. प्रोसेसर तापला की पंखा जोर धरतो, आणि तंबोऱ्याची तार छेडल्यावर शेवटी जो क्षीण होत जाणारा झंकार टिपायचा असतो, त्याच्या बरोबर मागे तो पंखा ऐकू येतो.

कोअर अल्ट्रा ७ २६५के हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला पर्याय अधिक विचार करण्यासारखा होता. त्यात ८ मोठे आणि १२ छोटे कोअर आहेत, हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) नाही, आणि एका कोअरचा वेग चांगला आहे. थंडरबोल्ट ४ या वेगवान जोडणीची सोय या प्रोसेसरमध्येच अंगभूत आहे, म्हणून ज्यांचा इंटरफेस थंडरबोल्टचा आहे त्यांनी याच बाजूने जावे, असे माझे मत आहे. येथे इंटरफेस यूएसबीचा होता. मोठ्या-छोट्या कोअरच्या मिश्रणाबद्दल संगीतकारांमध्ये जी धास्ती आहे ती पूर्वीइतकी रास्त राहिलेली नाही. विंडोज ११ आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांनी बरीच सुधारणा केली आहे. तरीही हाताने वाजवल्या जाणाऱ्या ट्रॅकची साखळी चुकून छोट्या कोअरवर पडली तर काय, ही शंका मनात ठेवून काम करण्यापेक्षा सगळे कोअर सारखे असलेला प्रोसेसर निवडणे सोपे होते. शिवाय पूर्ण भाराखाली २५० वॅटची मर्यादा येथेही होतीच.

मॅक मिनीचा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०२४ च्या शेवटी आलेल्या एम४ आणि एम४ प्रो चिपमध्ये एका कोअरचा वेग त्या वेळच्या उत्तम डेस्कटॉप प्रोसेसरांच्या तोडीचा होता, आणि यंत्र जवळजवळ नीरव. एखाद्या तरुण संगीतकाराने कोरी पाटी घेऊन सुरुवात करायची असेल, तर मी त्याला विनासंकोच मॅक मिनी सांगेन. येथे मात्र पाटी कोरी नव्हती. आठ वर्षांचे प्रकल्प विंडोजवरचे होते आणि त्यांत मॅकवर न चालणारी काही जुनी प्लगइन होती. एखादा नाट्यनिर्माता तीन वर्षांपूर्वीच्या संगीताचा एखादा तुकडा बदलून मागतो, तेव्हा तो प्रकल्प जसाच्या तसा उघडला पाहिजे. मॅकची मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून वृंदाच्या लायब्ररींसाठी ६४ जीबी सुरुवातीलाच घ्यावी लागली असती, आणि तेवढी मेमरी मिळण्यासाठी एम४ प्रो घेणे भाग होते. तेथे किमतीचा हिशोब बिघडला.

उरला तो एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि त्यावरचे रायझन ९००० मालिकेतले तीन प्रोसेसर. रायझन ७ ९७००एक्स मध्ये ८ कोअर, ५.५ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि ६५ वॅट. रायझन ९ ९९००एक्स मध्ये १२ कोअर, ५.६ गिगाहर्ट्झ आणि १२० वॅट. रायझन ९ ९९५०एक्स मध्ये १६ कोअर, ५.७ गिगाहर्ट्झ आणि १७० वॅट. पहिल्या तक्रारीच्या दृष्टीने पाहिले तर ५.५ आणि ५.७ यांतला फरक चार टक्क्यांहून कमी आहे. सर्वांत महाग प्रोसेसर घेऊनही कीबोर्डवरच्या त्या एका साखळीला मिळणारा दिलासा तेवढाच. जास्तीचे कोअर उपयोगी पडतात ते मिक्सिंगच्या वेळी, जेव्हा बफर मोठा असतो आणि ट्रॅक अनेक असतात. म्हणजे प्रश्न इतकाच उरला की या स्टुडिओच्या मिक्सिंगला ८ कोअर पुरतात की १२ लागतात.

१२ आणि १६ कोअरच्या रायझनमध्ये कोअर दोन वेगळ्या तुकड्यांवर विभागलेले असतात आणि एका तुकड्यावरून दुसऱ्याशी होणारे दळणवळण तुलनेने धीमे असते. या गोष्टीचा थोडा बाऊ केला जातो. तो उशीर नॅनोसेकंदांचा आहे आणि आपला हिशोब मिलिसेकंदांचा; केवळ त्या कारणासाठी १२ कोअर नाकारणे मला योग्य वाटले नाही.

संदर्भ प्रकल्पाची चाचणी

ज्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यांवरून निघत नाही ते प्रत्यक्ष यंत्रावर काढावे, म्हणून सांगलीतल्या एका परिचिताच्या संगणकावर हा प्रकल्प नेला. त्यात रायझन ७ ७७०० होता. तो आधीच्या पिढीतला ८ कोअरचा प्रोसेसर, ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आणि ६५ वॅटचा. एसएसडीवर लायब्ररी, सोबत लायसन्सचे डोंगल (यूएसबी किल्ली) आणि मालकांचा स्वतःचा इंटरफेस असे सर्व नेले, कारण इंटरफेस बदलला की ड्रायव्हर बदलतो आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. इंटरनेटवर मिळणारे बेंचमार्क येथे दुय्यम ठरतात. त्यांतले अनेक त्रिमितीय चित्र तयार करण्याचा किंवा फाइलचा आकार लहान (झिप) करण्याचा वेग मोजतात, जे काम सगळ्या कोअरना सहज वाटता येते. डॉबेंचसारख्या खास संगीतासाठीच्या चाचण्या अधिक विश्वासार्ह आहेत, कारण ठरावीक बफरवर चरचर सुरू होईपर्यंत किती प्लगइन किंवा किती स्वर चालतात हे त्या मोजतात. तरीही त्या दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या चाचण्या असतात.

जुन्या संगणकावर १२८ च्या बफरला चरचरणारी सिंथेसायझरची साखळी येथे स्वच्छ वाजली. बफर ६४ वर आणल्यावर, म्हणजे हाताशी १.३३ मिलिसेकंदच उरल्यावर, दाट स्वरसमूहांना पुन्हा त्रास होऊ लागला. मिक्सिंगसाठी ५१२ चा बफर ठेवून संपूर्ण प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. कोठेही अडथळा आला नाही आणि क्यूबेसच्या मीटरमध्ये पुरेशी जागा शिल्लक दिसत होती. ६४ चा बफर मालकांना खरोखर हवा आहे का, हे त्यांनाच वाजवून ठरवायला सांगितले. स्पीकरपासून एक मीटर अंतरावर बसले तरी हवेतूनच आवाज यायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, हे लक्षात घेतल्यावर १२८ आणि ६४ मधला फरक त्यांना बोटांना जाणवला नाही. त्यामुळे ६४ ही अट यादीतून गेली.

या चाचणीने ९७००एक्सच्या बाजूने कौल दिला. तो याच घराण्यातला पुढच्या पिढीचा, थोडा वेगवान आणि तेवढीच वीज घेणारा प्रोसेसर होता. ९९००एक्स इको मोडमध्ये कमी विजेवर चालवण्याचा मुद्दा मालकांच्या शिष्याने मांडला, आणि तो चुकीचा नव्हता. पण त्या दोघांच्या किमतीतल्या फरकात मोठा, मंद फिरणाऱ्या पंख्याचा हवाकूलर आणि लायब्ररींसाठी चांगला एनव्हीएमई (साटाहून वेगवान) एसएसडी बसत होता. जे चार कोअर मिक्सिंगच्या वेळी बहुधा रिकामे बसणार होते त्यांच्यापेक्षा हे दोन्ही रोज कामाला येणार होते.

खरेदी आणि जोडणी

तिसऱ्या तक्रारीचे मूळ जुन्या संगणकावरच दिसले होते. संदर्भ प्रकल्प उघडल्यावर ३२ जीबी मेमरी जवळजवळ भरत होती आणि विंडोज काही भाग डिस्कवर ढकलत होते. म्हणून नव्या संगणकात ६४ जीबी डीडीआर५ घेतली. ती ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांमध्ये घ्यावी, १६ जीबीच्या चार पट्ट्यांमध्ये नव्हे, असा आग्रह धरला. या प्रोसेसरांवर दोन पट्ट्यांना ५६०० चा वेग अधिकृतपणे मिळतो, चार पट्ट्या लावल्या की तो ३६०० वर उतरतो. “दोन आता लावू, दोन नंतर वाढवू” ही डीडीआर४ च्या काळातली रीत येथे लागू पडत नाही. ओव्हरक्लॉकचे प्रोफाइल चालू करून वेग आणखी वाढवणे शक्य होते. स्टुडिओत गायक बसलेला असताना यंत्र अडकू नये, एवढ्यासाठी ते टाळले.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले नाही. ९७००एक्स मध्ये साधे ग्राफिक्स अंगभूत आहे आणि दोन मॉनिटरवर क्यूबेस चालवायला ते पुरते. एका कार्डाबरोबर त्याचे पंखे आणि त्याचा ड्रायव्हर हे दोन्ही वगळले गेले. (स्वस्त म्हणून ज्यांच्या नावापुढे ‘एफ’ असते असे इंटेलचे प्रोसेसर सुचवले जातात, त्यांत हे अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वाचलेले पैसे कार्डावर जातात.) जोडणीच्या दिवशी दुकानदाराने यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा बराच वेळ पडदा काळाच राहिला आणि बोर्ड खराब निघाला असे वाटून त्याने मेमरी काढायला घेतली. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ मेमरीची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. थांबल्यावर पडदा उजळला.

नंतर काय सुटले, काय उरले

पहिली तक्रार सुटली. १२८ च्या बफरवर प्रोग्रॅमिंग सुरळीत होते. दीवाचा सर्वांत अचूक, ‘डिव्हाइन’ नावाचा मोड लावून लांब रिलीजचे (पट्टी सोडल्यावरही रेंगाळणारे) दाट स्वर वाजवले तर एक कोअर आजही भरतो, आणि तेथे अधिक महाग प्रोसेसरनेही फार काही साधले नसते. त्या सिंथेसायझरमध्येच वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या कोअरना वाटण्याचे बटण आहे; ते चालू केले. शिवाय वाजवताना ‘ग्रेट’ मोड आणि अंतिम एक्स्पोर्टच्या वेळी सर्वोत्तम मोड, अशी सोयही त्यात आहे.

दुसरी तक्रार नव्या संगणकावर जशीच्या तशी हजर होती, आणि मालक पहिल्या आठवड्यात त्यामुळेच नाराज झाले. तिचे कारण मास्टरवर लावलेला लिनिअर-फेज इक्वलायझर आणि पुढचे पाहून काम करणारा लिमिटर हे होते. अशी प्लगइन त्यांच्या कामाच्या स्वरूपामुळेच ठरावीक विलंब लावतात. एखाद्याने ४०९६ सॅम्पलचा विलंब लावला तर ४८,००० च्या दराने तो ८५ मिलिसेकंदांचा होतो आणि प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी त्यातला एकही मिलिसेकंद कमी होत नाही. क्यूबेसमध्ये हा भरपाईचा विलंब वाजवण्यापुरता आवरून धरण्याचे बटण आहे. ते दाबल्यावर मास्टरवरची ती प्लगइन तात्पुरती बाजूला होतात आणि पट्टीबरोबर आवाज येतो. हे बटण जुन्या संगणकावरही होते.

तिसऱ्या तक्रारीत मेमरीने आणि नव्या एसएसडीने काम केले. प्रकल्प उघडायला लागणारा वेळ खूप कमी झाला आणि पहिल्या वेळचे अडखळणे थांबले.

चौथी तक्रार, तो अवेळी येणारा ‘टक्’, नव्या संगणकावरही दुसऱ्याच दिवशी ऐकू आला. लेटन्सीमॉन हे साधन चालू ठेवून पाहिले तेव्हा वायफायचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसरला बराच वेळ अडवून ठेवतो असे दिसले. जे काम विंडोजच्या गाभ्यात वरच्या प्राधान्याने चालते त्याच्यापुढे ऑडिओला थांबावे लागते, मग बाकी कोअर मोकळे असोत वा नसोत. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद करून राउटरपासून केबल ओढली, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवला, आणि तो आवाज गेला. जुन्या यंत्रावरही दोष बहुधा हाच असावा, कारण तेही वायफायवरच होते.

तंबोऱ्याच्या सॅम्पलसंचाचे काम ९६,००० च्या दराने चालते. दर दुप्पट झाला की प्लगइनचे गणितही दुप्पट होते, म्हणून मालकांना याच कामाची सर्वांत जास्त धास्ती होती. पण रेकॉर्डिंगच्या वेळी तेथे एकही जड प्लगइन नसते. चार माइकचे चार ट्रॅक डिस्कवर उतरवणे एवढेच काम असते आणि प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ बसलेला असतो. तेथे उपयोगी पडला तो त्याचा थंडपणा. एएमडीने या प्रोसेसरला बायोसमधून १०५ वॅटपर्यंत मोकळीक देण्याची सोय सप्टेंबर २०२४ पासून दिलेली आहे. ती वापरली नाही. कूलरचा पंखा मंद फिरतो आणि एसी बंद असताना आठ फुटांवरच्या माइकमध्ये तो सापडत नाही.

पार्श्वसंगीताची कामे वाढली आणि ५१२ च्या बफरवरही मीटर लाल होऊ लागला, तर पुढे काय हेही लिहून ठेवले आहे. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केलेले असल्यामुळे बोर्ड आणि मेमरी तीच ठेवून १२ किंवा १६ कोअरचा प्रोसेसर बसवता येईल. त्यासाठी बोर्ड निवडतानाच १७० वॅटचा प्रोसेसर पेलणारा घेतला आणि वीजपुरवठ्याचा संचही गरजेपेक्षा एक पायरी वरचा निवडला. मेमरी वाढवायची झाल्यास मात्र सध्याच्या दोन पट्ट्या काढून ४८ जीबीच्या दोन लावायच्या, उरलेल्या दोन खाचा रिकाम्याच ठेवायच्या, असे दुकानदाराच्या बिलाच्या मागेच लिहिलेले आहे.